व्हायरसनेच झालं का हो?

ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाप एकमेकांना पहिल्यांदा भेटले की बाकी चौकशी नंतर, आधी हाच प्रश्न येतो, "तुमच्या कधी लक्षात आलं?" आणि उत्तरात हमखास एखादा ताप असतो. कोणाच्या मुलाला अंगावर पुरळ उठलं होतं, कोणाला हँड फूट माउथ झालं होतं, कोणी सांगतं की मला चौथ्या महिन्यात जबरदस्त फ्लू झालेला, कोणी कोव्हिडवर बोट ठेवतं. माझ्याकडेही आहे एक ताप. लेक दीड वर्षाचा असताना अंग नुसतं भाजत होतं, ताप उतरला त्याच दिवशी छातीवर पाठीवर गुलाबी ठिपके, डॉक्टर म्हणाले रोझिओला आहे, व्हायरल, आपोआप जाईल. गेलाही. आणि त्यानंतर हळूहळू त्याचे जे मोजके शब्द होते, बाबा, भूभू, दे, ते एकेक करून गेले, हाक मारली तर बघेना, बोट दाखवणं बंद.

त्यामुळे "व्हायरसनेच झालं का हो" हा प्रश्न मला अजिबात वेडगळ वाटत नाही, आणि जे डॉक्टर तो हसण्यावारी नेतात त्यांचा मला अजूनही राग येतो. पण एवढी वर्षं वाचून, विचारून, डोकं पिकवून माझं मत असं झालंय की हा एक प्रश्न नाहीच, यात तीनचार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. पोटात असताना व्हायरस थेट बाळाच्या मेंदूपर्यंत पोचला तर काय होतं हे वेगळं, आईला ताप आला पण व्हायरस बाळापर्यंत गेलाच नाही हे वेगळं, जन्मानंतर मेंदूला इन्फेक्शन झालं हे वेगळं, आणि माझ्या लेकाला आला तसा साधा व्हायरल ताप हे आणखी वेगळं. आपण सगळं एकत्र विचारतो, समोरचा "नाही हो तसं काही नसतं" म्हणून मोकळा होतो, आणि आपण घरी येऊन परत मोबाईल घेऊन बसतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर सरळ "हो" आहे, आणि ते जुनं आहे. रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक यायला लागली, आणि असं सांगतात की बाहेर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या की मला दिवस गेलेले असताना जर्मन गोवर झाला होता, मलाही झाला होता, ते त्याच्या कानावर पडलं. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही, पण गरोदरपणातला रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू हा संबंध त्याने मांडला हे पक्कं. (बाहेर बसलेल्या आयांच्या गप्पा ऐकणारे डॉक्टर जरा जास्त हवेत, असं मला फार वाटतं.)

पुढे १९६४-६५ ला अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. सव्वा कोटीच्या आसपास लोकांना झाला, आणि साधारण २०,००० बाळं रुबेलाचे परिणाम घेऊन जन्मली, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाच्या हृदयात दोष. न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस या बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशी २४३ मुलं तपासली आणि १९७१ साली लिहिलं की त्यातल्या १० मुलांत पूर्ण ऑटिझम दिसतोय आणि ८ मुलांत अर्धवट. आज हा आकडा ऐकून आपण दचकणार नाही कदाचित, पण त्या काळात ऑटिझम दहा हजारात चारपाच मुलांना असतो असं धरलं जायचं. तिथे २४३ मध्ये १८! बाईंनी त्या मुलांना पुढेही परत परत बघितलं, तर काहींची लक्षणं नंतर ओसरली होती, काहींची तशीच राहिली आणि आधी नसलेल्या काहींच्यात उशिरा दिसायला लागली, म्हणजे त्यांनाही ते साच्यात बसवता आलं नाही.

या आकड्याचं महत्त्व मला वेगळ्याच कारणाने वाटतं. तेव्हा पोर असं झालं की आईला दोषी धरायचे, ही आई थंड आहे, माया लावत नाही, म्हणून पोर आत ओढून घेतलं गेलं असं मोठे मोठे लोक गंभीर चेहऱ्याने सांगायचे. आणि इथे एक व्हायरस समोर येऊन उभा राहिला ज्याचा आईच्या मायेशी काडीचा संबंध नाही. बर्नार्ड रिमलँड म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील, त्यांनी १९६४ मध्येच सांगितलेलं की हे शरीरातलं आहे, संगोपनातलं नाही. तर आपण आज कारण शोधत बसतो त्याची सुरुवात आपल्यासारख्याच एका बापापासून झालेली आहे. तेच रिमलँड पुढे लसींवर संशय घेणाऱ्यांत जाऊन बसले हेही सांगायला हवं. बाप असला म्हणून सगळंच बरोबर येतं असं नाही.

आणि गंमत बघा, ऑटिझम होतो म्हणून ज्या एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीला लोक घाबरतात त्यातला शेवटचा आर म्हणजे हाच रुबेला. ज्या इन्फेक्शनमुळे ऑटिझम होऊ शकतो हे सगळ्यात स्पष्ट माहितीय त्यालाच ती लस अडवते. २०१५ मध्ये अख्ख्या उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांतून रुबेलाचा स्थानिक फैलाव संपल्याचं जाहीर झालं ते लसीमुळेच. हे आपल्याला कोणी सांगत नाही, सांगतात ती फक्त भीती.

ती भीती कुठून आली ते बहुतेकांना माहिती असेल म्हणून भराभर सांगते. १९९८ ला अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर, एमएमआरनंतर मुलांना पोटाचे त्रास आणि ऑटिझम झाला असं सुचवणारा, मुलं फक्त १२. नंतर ब्रायन डिअर या पत्रकाराने खोदकाम केलं, मुलांची माहिती फिरवलेली निघाली, २०१० ला लॅन्सेटने पेपर मागे घेतला आणि वेकफिल्डचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. मधल्या काळात लोकांनी तो विषय सोडून दिला नव्हता, २००८ मध्ये ऑटिझम आणि पोटाचे त्रास असलेल्या मुलांच्या आतड्याचे तुकडे घेऊन गोवराचा व्हायरस आहे का ते परत शोधलं, इतर मुलांपेक्षा वेगळं काही सापडलं नाही. डेन्मार्कमध्ये २०१९ ला ६,५७,४६१ मुलांची माहिती बघितली, लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही. जपानने १९९३ ला एमएमआर बंद केली, तरी योकोहामा शहरात ऑटिझमचे आकडे वाढतच राहिले. माझ्यापुरता तो विषय तिथे संपला.

रुबेलापेक्षा मला जास्त बोलायचंय ते सीएमव्हीबद्दल, सायटोमेगॅलोव्हायरस. नाव उच्चारायला जड, पण श्रीमंत देशांमध्येसुद्धा साधारण २०० पैकी एक बाळ हा घेऊन जन्मतं. आईला बऱ्याचदा कळतही नाही, थोडी कणकण, थकवा, झालं. बहुतेक बाळं ठणठणीत असतात, पण काहींना ऐकू कमी येतं, कधी जन्मतः तर कधी वर्षादोनवर्षांनी, काहींच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि अशा मुलांत ऑटिझमचं प्रमाण जास्त असल्याचं एकापेक्षा जास्त अभ्यासांत दिसलंय. म्हणजे हाही खरा संशयित आहे. पण त्याला पकडायची वेळ फार थोडी असते. जन्मल्यापासून तीन आठवड्यांच्या आत बाळाच्या लघवीत किंवा लाळेत व्हायरस सापडला तर तो पोटातूनच आला असं म्हणता येतं. त्यानंतर सापडला तर आईच्या दुधातून आला, पाळणाघरातून आला की पोटातून, हे सांगता येत नाही.

आणि इथेच आपण आईबाप फसतो. पोरगं तीन वर्षांचं झालेलं असतं, कोणीतरी सांगतं टॉर्च टेस्ट, म्हणजे रुबेला, सीएमव्ही अशा इन्फेक्शन्सची रक्ततपासणी, करून घ्या, आपण करतो, आणि रिपोर्ट येतो. मला तो कागद अजून डोळ्यांसमोर दिसतो. डावीकडे नावं, मधे आकडे, उजवीकडे नॉर्मल रेंज, आणि सीएमव्ही आयजीजीच्या पुढे ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. खाली रुबेला आयजीजी, तेही पॉझिटिव्ह. नवरा गाडी चालवत होता आणि मी बाजूला बसून तो कागद सतरा वेळा वाचत होते, सापडलं म्हणून. मग आमच्या डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन मॅडमनी पेन घेऊन आयजीएमच्या, म्हणजे ताज्या इन्फेक्शनच्या, रकान्यावर गोल केला, ते निगेटिव्ह होतं, आणि म्हणाल्या, "आयजीजी म्हणजे कधीतरी येऊन गेलं. कधी, ते हा कागद सांगत नाही. आणि रुबेलाचं पॉझिटिव्ह आहे कारण तुम्ही लस दिलीत, ते चांगलंच आहे." मग मी विचारलं रोझिओलाचं, म्हणजे तो ज्याच्यामुळे होतो त्या एचएचव्ही ६ व्हायरसचं, तर त्या म्हणाल्या तो दोनतीन वर्षांपर्यंत जवळपास सगळ्याच मुलांना होऊन जातो, वर्गातल्या कोणाचंही रक्त काढलं तरी पॉझिटिव्हच येईल.

एक मार्ग असतो. जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कार्डावर वाळवतात, ते कार्ड कुठे जपून ठेवलेलं असेल तर त्यात सीएमव्हीचा डीएनए नंतरही शोधता येतो. त्यात सापडला तर उत्तर मिळालं, नाही सापडला तर मात्र पोटातून आलाच नव्हता असं शंभर टक्के म्हणता येत नाही, कारण त्या थेंबभर रक्तात तो दरवेळी सापडतोच असं नाही. आमच्याकडे कार्डच नव्हतं, विषय संपला.

हा कागद घेऊन काही लोक धंदा करतात ते मात्र मला सहन होत नाही. आयजीजी पॉझिटिव्ह दाखवून "व्हायरल लोड आहे, आधी तो काढू मग पोरगं बोलेल" असं सांगणारे मलाही भेटलेत, नाव घेत नाही. सहा महिने अँटिव्हायरल, वर डिटॉक्स, वर सप्लिमेंट. सीएमव्हीवर व्हॅलगॅनसायक्लोव्हिर नावाचं औषध खरोखर आहे, पण ते जन्मतःच लक्षणं असलेल्या तान्ह्या बाळांना, पहिल्या महिन्यात सुरू करून, सहा महिने, ऐकू येणं टिकावं म्हणून मुख्यतः, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून सारखं रक्त तपासत. चार वर्षांच्या धडधाकट पोराला एका आयजीजीवरून द्यायचं ते औषध नव्हे. आणि हे लोक तिथेच थांबत नाहीत, शरीरातले धातू काढायचे म्हणून चिलेशन करतात, २००५ मध्ये अमेरिकेत एक पाच वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा चिलेशनमध्येच गेला. कपड्यांचं ब्लीच म्हणावं अशा जातीचं रसायन "मिरॅकल" नावाने पाजणारे आहेत. कोणी म्हटलं "करून बघायला काय हरकत आहे" तर हरकत ही आहे.

आता दुसरा प्रश्न, गरोदरपणात आईला आलेला ताप. हा सगळ्यात जास्त छळतो कारण यात प्रत्येक आई स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. मी तेव्हा ऑफिसला गेले नसते तर, त्या गर्दीत गेले नसते तर.

उंदरांवरचे प्रयोग वाचले की आधी भीतीच वाटते. गाभण उंदरीणीला व्हायरस देतच नाहीत, व्हायरससारखं दिसणारं एक नकली रसायन टोचतात, जिवंत काही नाही त्यात, तरी तिची प्रतिकारशक्ती खवळते आणि पिल्लं मोठी झाली की इतरांशी कमी मिसळतात, तेच तेच करत राहतात. २०१६ मध्ये ग्लोरिया चोई आणि जुन हू यांच्या टीमने दाखवलं की आयएल १७ नावाचा रेणू त्यात आहे, तो आईमध्ये अडवला तर पिल्लं बरी. म्हणजे दोष व्हायरसचा नाही, आईच्या शरीराने दिलेल्या उत्तराचा. हे वाचून मी रात्रभर जागी. पण उंदीर तो उंदीर, बोलणं जाणं बिणं त्याच्यात बघता येत नाही.

माणसांचे आकडे बघा. डेन्मार्कमध्ये १९८० ते २००५ मध्ये जन्मलेली १६ लाखांवर मुलं घेतली आणि २०१० ला सांगितलं की गरोदरपणातली सगळी इन्फेक्शन्स एकत्र धरली तर ऑटिझमशी संबंध दिसत नाही, पण पहिल्या तीन महिन्यांत व्हायरल इन्फेक्शनने हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलेल्या आयांच्या मुलांत प्रमाण जवळपास तिप्पट. तिप्पट हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो. पण भरती व्हावं लागलेल्या आया, सर्दीतापाच्या नव्हेत, आणि समजा शंभरात एकाला होत असेल तर तिप्पट म्हणजे शंभरात तीन, सत्त्याण्णव मुलांना काही नाही. नॉर्वेचा एक अभ्यास म्हणतो ताप जितक्या वेळा तितका धोका थोडा वाढता. मग २०१७ ला कॅलिफोर्नियात १,९६,९२९ मुलं बघितली, आईच्या फ्लूचा संबंध दिसला नाही. कोव्हिडचंही तेच रामायण, २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या १८,१२४ जन्मांचा अभ्यास आला, आईला कोव्हिड झालेल्या मुलांत तीन वर्षांपर्यंत बोलण्याचे, हालचालींचे, ऑटिझमचे असे सगळे मिळून निदान १६.३ टक्के आणि न झालेल्यांत ९.७, तर आधीच्या काही अभ्यासांत फरक दिसलाच नव्हता.

या सगळ्यात माझ्या डोक्यातलं वादळ शांत केलं ते स्वीडनच्या २०२२ च्या अभ्यासाने. पाच लाखांहून जास्त मुलं. आधी नेहमीसारखंच दिसलं, गरोदरपणी इन्फेक्शनसाठी उपचार घ्यावे लागलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम थोडा जास्त. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या ज्या मला फार हुशार वाटल्या. एक, गरोदर व्हायच्या आधीच्या वर्षात इन्फेक्शन झालेल्या आया बघितल्या, तर त्यांच्या मुलांतही तसंच जास्त प्रमाण, आता तेव्हा तर बाळच नव्हतं पोटात! आणि दुसरं, एकाच आईची दोन मुलं शेजारी ठेवली, एकाच्या वेळी इन्फेक्शन झालेलं आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तर ऑटिझममध्ये फरकच उरला नाही. म्हणजे ज्या घरात इन्फेक्शन जास्त होतात त्याच घरात ऑटिझमही थोडा जास्त, कारण कदाचित रक्तातच काही सामायिक आहे, पण तो एक ताप आला नसता तर पोरगं वेगळं झालं असतं असं त्यातून निघत नाही. ज्या आया अजून त्या चौथ्या महिन्यातल्या फ्लूवर अडकून बसल्यात त्यांना मी हेच सांगते. पोटात थेट पोचणारा रुबेला, सीएमव्ही वेगळे, आणि हे वेगळं.

रक्तातलं म्हटलं की घरात लगेच कोणाच्या बाजूचं हे सुरू होतं. पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या माहितीवरून २०१९ ला ऑटिझममधला साधारण ८० टक्के फरक अनुवंशिकतेमुळे असावा असा अंदाज आलाय, पण त्यात शेकडो जीन्सचा थोडाथोडा वाटा असतो, कधी तर बदल आईबापात नसतोच, नव्याने झालेला असतो. सासर माहेर करायला त्यात काही नाही.

जन्मानंतरच्या मेंदूच्या इन्फेक्शनचं मात्र गांभीर्याने घ्या. हे क्वचित होतं पण होतं. १९८१ साली डॉक्टरांनी तीन मुलांची हकीकत लिहिली होती, मेंदूच्या आजारात त्यांच्यात ऑटिझमसारखीच लक्षणं आली आणि आजार ओसरल्यावर गेली. हर्पीसच्या मेंदूज्वरानंतर मोठ्या मुलांमध्येसुद्धा असं झाल्याच्या नोंदी आहेत. पण तो ताप रोझिओलासारखा नसतो, त्यात फिट येतात, मूल गुंगीत जातं, वागणं एकदोन दिवसांत पार बदलतं. २००७ मध्ये सापडलेला एक प्रकार आहे, अँटी एनएमडीए एन्सेफलायटिस, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, कधी हर्पीस होऊन गेल्यावर, आणि त्यावर उपचार आहेत. लँडाऊ क्लेफनर म्हणून आणखी एक, त्यात चांगलं बोलणारं तीन ते सात वर्षांचं मूल बोलायचं थांबतं आणि झोपेतल्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत, गडबड दिसते. म्हणून ज्यांचं मूल तीन वर्षांनंतर, वाक्यं बोलत असताना, अचानक मागे गेलंय, त्यांनी "ऑटिझम आहे, थेरपी लावा" एवढ्यावर समाधान मानू नका, न्यूरोलॉजिस्ट गाठा, झोपेतला ईईजी मागा. कोणाला जास्त चौकस वाटलात तर वाटू दे. आणि वय काहीही असो, बेरा करून ऐकू येतंय का बघणं आलंच, ते आमचंही सगळ्यात आधी केलं होतं.

राहिला माझ्या लेकाचा ताप. दीड वर्षाच्या मुलाला वर्षाला सहासात व्हायरल इन्फेक्शन्स होणं अगदी नॉर्मल. म्हणजे एक दोन महिन्यांआड काहीतरी आहेच. आणि ऑटिझममध्ये शब्द जाणं, ज्याला रिग्रेशन म्हणतात, ते होतं मुख्यतः पंधरा ते चोवीस महिन्यांच्या मधे. आता या काळात कुठल्याही आठवड्यात शब्द गेले तरी मागे वळून बघितलं की महिन्या-दोन महिन्यांत एक ताप सापडणारच. हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा ताप आपोआप थोडा लहान झाला.

मग मी जुने व्हिडिओ काढले. १९९४ मध्ये दोन संशोधकांनी नेमकं हेच केलेलं, पुढे ऑटिझम निघालेल्या मुलांचे पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ बघितले, तर नाव घेतल्यावर न बघणं, बोट न दाखवणं, चेहऱ्याकडे कमी बघणं तेव्हाच दिसत होतं. आमच्या फोनमध्ये तापाच्या कितीतरी आधीचा एक व्हिडिओ आहे, अर्ध्या मिनिटाचा. लेक जमिनीवर गाल टेकवून खेळण्यातल्या गाडीचं चाक एका बोटाने फिरवतोय, डोळे चाकाच्या अगदी जवळ. पाठीमागून नवऱ्याचा आवाज येतो, नाव घेऊन, परत, मग टाळी वाजवून परत. मान हलत नाही. चाक थांबलं की परत बोट. आणि मागे मी कौतुकाने हसतेय, "बघ किती मन लावून खेळतोय" म्हणत. तारीख फोननेच टाकलेली आहे.

मेंदूवरचं संशोधनही त्याच दिशेला जातं, २०१४ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या ११ ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूंपैकी १० मध्ये बाहेरच्या थरांत ठिकठिकाणी रचना विस्कटलेली सापडली, आणि ते थर जन्माच्या आधीच तयार होतात. नमुना लहान आहे, मान्य. तरी दीड वर्षाच्या रोझिओलाला यात कुठे जागा देऊ सांगा.

मला वाटतं आपल्याला व्हायरस नकोच असतो, तारीख हवी असते. तारीख मिळाली की तिच्या आधीचं एक पूर्ण ठीक असलेलं बाळ मिळतं, आणि ज्याच्यावर बोट ठेवता येईल असा कोणीतरी तिसरा मिळतो, जो आई नाही, बाप नाही. मला हे कळतं. पण ज्यांना तारीख मिळते ते पुढची कित्येक वर्षं त्या तारखेच्या आधीचं पोरगं परत आणायला धावत राहतात, आणि त्याच वेळी समोरचं पोरगं चाक दाखवायला हात ओढत असतं.

ताप आणि ऑटिझमचं एक उलटं नातंही आहे, ते कोणी सांगत नाही म्हणून सांगते. लेकाला पुढे कधीतरी सणकून ताप आला, १०२ च्या वर, आणि तो माझ्या मांडीवर येऊन पडला, सरळ डोळ्यांत बघितलं, आणि "आई, पाणी" म्हणाला. एरवी पाण्यासाठी तो माझा हात धरून नळाकडे ढकलायचा. ताप उतरला आणि परत तेच ढकलणं सुरू. मला वाटलं आपल्याला भास झाला. नंतर कळलं की २००७ मध्ये ३० ऑटिस्टिक मुलांवर याचा अभ्यास झालाय, ताप असताना ८० टक्क्यांहून जास्त मुलांच्या वागण्यात काही ना काही सुधारणा आईबापांनी नोंदवली होती. फक्त मूल गळून पडल्यामुळे शांत होतं असं म्हणावं तर माझ्या लेकाचं बोलणं का वाढलं? चोई आणि हू यांनी नंतर उंदरांत दाखवलं की आईच्या इन्फेक्शनमुळे बदललेल्या पिल्लांमध्ये मोठेपणी तोच आयएल १७ वाढला की ती तात्पुरती मिसळायला लागतात. म्हणजे ज्या रेणूवर मी आरोप ठेवून रात्र काढली तोच! यातून आज हाताला लागणारं औषध काही नाही, कोणी विकायला आलं तर घेऊ नका. पण तुमच्या मुलाचं असं होत असेल तर तुम्ही वेडे नाही, डॉक्टरांना सांगा, लिहून ठेवायला सांगा.

हल्ली हे सगळं मला जास्त आठवतंय कारण जावेला पाचवा महिना लागलाय आणि मागच्या आठवड्यात तिला ताप आला. फोन करून रडायलाच लागली, वहिनी ताप अंगावर काढू की पॅरासिटामॉल घेऊ, गोळीने ऑटिझम होतो म्हणे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन सरकारने ते बोलून ठेवल्यापासून सगळ्या गरोदर बायकांच्या डोक्यात ते बसलंय. मी तिला स्वीडनचाच दुसरा अभ्यास सांगितला, २०२४ चा, जवळपास २५ लाख मुलं, तिथेही भावंडं शेजारी ठेवल्यावर गोळीचा संबंध उरला नाही. आणि ताप तसाच अंगात ठेवणं हे काही शहाणपण नाही, डॉक्टरांना आत्ता फोन लाव म्हटलं. लावला, गोळी घेतली, उतरला.

रुबेलाची प्रतिकारशक्ती तिने दिवस राहायच्या आधीच तपासून घेतलेली, कारण ती लस गरोदरपणात देता येत नाही, ते मी आधीच मागे लागून करून घेतलं होतं. सीएमव्हीचं मात्र तिला आत्ता सांगितलं. तिचा थोरला अडीच वर्षांचा आहे, पाळणाघरात जातो, आणि लहान मुलांच्या लाळेतून लघवीतून तो व्हायरस महिनोन्‌महिने येत राहतो, लस अजून नाही. तर त्याचा उष्टा चमचा तोंडात घालू नकोस, ओठांवर पापा घेऊ नकोस, डोक्यावर घे, आणि डायपर बदलला, नाक पुसलं की साबणाने हात धू. ती म्हणाली एवढंच? म्हटलं एवढंच, आणि नवऱ्यालाही सांग, डायपर त्यालाही बदलता येतो.